हेल काढून बोलणारी माणसं

मराठी माणूस कुठून आला, किती शिकला आणि साधारण कोणत्या घरात वाढला, हे ठरवायला ऐकणाऱ्याला 'आणि' एवढा एक शब्द पुरतो. तो 'आनि' असा कानावर पडला की ऐकणारा मनात नोंद करून मोकळा होतो. पुढचं वाक्य ठिबक सिंचनाबद्दल असो की घटनेच्या एखाद्या कलमाबद्दल, ते त्या नोंदीतून गाळूनच आत शिरतं. 'पानी', 'लोनी', 'कोन' ही यादी प्रत्येकाने शाळेत ऐकलेली असते, आणि बहुतेकांनी ती कुणाला तरी चिडवताना ऐकलेली असते.

फरक तसा केवढा? जीभ किंचित मागे वळवून टाळूला टेकवली तर ण, दातांच्या मुळाशी ठेवली तर न. अर्थाचा घोळ क्वचितच होतो. 'मला पानी दे' म्हणणाऱ्याला आजवर कुणी पाण्याऐवजी दुसरं काही आणून दिलेलं नाही. तरीही या एका ध्वनीवर इतकं ओझं लादलं गेलंय की काही माणसं धास्तीने उलटी चूक करतात. मंचावर उभी राहिली की ती 'मणापासून' आभार मानतात, 'अणेक' मान्यवरांचं स्वागत करतात. श्रोत्यांत खसखस पिकते. ज्याला घरात कधी ण लागलाच नाही, त्याने चारचौघांत तो सगळीकडे पेरून ठेवला, तर त्यात हसण्यापेक्षा ओशाळण्यासारखं जास्त आहे. आणि ओशाळायचं ते हसणाऱ्याने.

या न-णच्या भांडणात एक मोठी गंमत दडलेली आहे. वररुचीच्या नावावर असलेल्या 'प्राकृतप्रकाश' या जुन्या व्याकरणात मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या महाराष्ट्री प्राकृताचा नियम सांगितलाय, की संस्कृतातल्या न-चा सगळीकडे ण होतो. सगळीकडे म्हणजे शब्दाच्या आरंभीसुद्धा. त्याच प्राकृतातल्या, हालाच्या 'गाथासप्तशती'त नगराचं 'णअर' झालेलं दिसतं. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा याच गाथेचा पुरावा सर्वांनी अभिमानाने पुढे केला. पण त्या गाथेच्या कानाने ऐकायचं तर सदाशिव पेठेतला 'नगर' आणि 'नदी' म्हणणारा माणूसही अशुद्धच ठरेल. दुसरीकडे, हेच वऱ्हाडी 'पानी' नागपूरहून रेल्वेत बसून दिल्लीला उतरलं की एकदम प्रमाण होतं, कारण हिंदीत पाण्याचा उच्चार तोच आहे. इटारसीच्या अलीकडे अडाणी आणि पलीकडे शुद्ध, असा हा ध्वनी.

मग 'शुद्ध' मराठी मुळात कुणाची? सोपं उत्तर तोंडावर येतं, की पुण्याच्या ब्राह्मणांची. तेही पूर्ण खरं नाही. पेशवाईत सत्तेसोबत कोकणातून घाटावर चढलेल्या चित्पावनांची स्वतःची वेगळी बोली होती. नाकातल्या उच्चारांनी भरलेली ती चित्पावनी रत्नागिरी, गोवा आणि दक्षिण कॅनरा भागातल्या काही घरांत टिकून राहिली. पुण्यात आलेल्यांनी ती हळूहळू बाजूला ठेवून देशावरची बोली उचलली. म्हणजे ज्यांना आपण उच्चारांचे राखणदार समजतो, त्यांच्या पूर्वजांनीही आपला हेल वेशीबाहेर ठेवूनच पुण्यात प्रवेश केला होता. नवीन गावात आलेल्या माणसाला जे करावं लागतं, तेच त्यांनी केलं. फक्त पुढे सत्ता, पाठशाळा आणि छापखाने त्यांच्या हाताशी आले, म्हणून त्यांचं अनुकरण नियम ठरलं आणि इतरांचं बोलणं 'गावंढळ' ठरलं.

छापखान्याचा वाटा यात मोठा आहे. मोल्सवर्थच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. त्यानंतर मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थाने सरकारी शाळांच्या मराठी पुस्तकांची भाषा वर्षानुवर्षं तपासली. पुण्याच्या शास्त्रीमंडळींचं बोलणं आणि इंग्रज साहेबाची शिस्त यांच्या मिलाफातून जे गद्य घडलं, ते मुलांच्या हाती 'मराठी' म्हणून पडलं. वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, बीडच्या मुलाला पहिल्या इयत्तेतच उमगलं, की आई घरी बोलते ते पुस्तकात नाही, आणि पुस्तकात आहे ते घरी कुणी बोलत नाही.

या शिस्तीचा चाबूक जाहीरपणे उगारला गेला तो जोतीराव फुल्यांवर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४मध्ये 'निबंधमाला' सुरू केली आणि तिच्यातून फुल्यांच्या लेखनाची खिल्ली उडवताना त्यांच्या व्याकरणालाही टोले हाणले. फुले मांडत होते शेतकऱ्याची लूट आणि जातीची उतरंड. उत्तरादाखल त्यांना विभक्तीच्या चुका दाखवल्या गेल्या. मुद्द्याला हात न लावता माणसाला खाली बसवण्याची ही रीत मराठीत तेव्हापासून चांगली रुळली. आजही वादात हरायला लागलेला माणूस समोरच्याचा ऱ्हस्व-दीर्घ काढतो.

इथे जातीचा उल्लेख टाळून पुढे जाणं म्हणजे लबाडी होईल. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३चा. शहरात खोली मिळवण्यासाठी आडनाव बदलता येतं, गावाचं नाव मोघम सांगता येतं, कपडे इस्त्रीचे घालता येतात. पण जीभ फितूर होते. 'शाळा'च्या जागी 'शाया', 'काळा'च्या जागी 'काला' निघून गेलं, की बाकी सगळा बंदोबस्त वाया. पुण्या-मुंबईत फोनवरून भाड्याची जागा विचारणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं. 'जागा आत्ताच गेली हो' हे उत्तर कधी खरं असतं आणि कधी आपल्या पहिल्या वाक्याला मिळालेलं असतं, हे त्याला सवयीने कळायला लागतं.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६०मध्ये आवाजावरून माणूस जोखण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणाऱ्या माणसांकडून एकच मजकूर एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना सांगितलं, की ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत. आवाजावरून ती कशी वाटतात ते सांगा. इंग्रजीत बोलताना तोच माणूस अधिक हुशार, अधिक भरवशाचा, इतकंच नव्हे तर अधिक उंचही वाटला. चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. फ्रेंच बोलणाऱ्या श्रोत्यांनीही स्वतःच्या भाषेतल्या आवाजाला खालचे गुण दिले, आणि तेही इंग्रज श्रोत्यांपेक्षा सढळ हाताने कमी. नागपूरकडचा प्राध्यापक पुण्याच्या चर्चासत्रात 'करून राहिलो' तोंडात येता येता गिळतो आणि 'करतो आहे' म्हणतो, तेव्हा त्याच्या कानात बसून गुण देणारा परीक्षक दुसरा कुणी नसून तोच असतो.

प्रत्येक हेलाला एक स्वभावही चिकटवून दिलेला आहे. वऱ्हाडी म्हणजे ऐसपैस आणि आळसावलेला, मालवणी म्हणजे इरसाल आणि भांडकुदळ, मराठवाडी म्हणजे भोळा, कोल्हापुरी म्हणजे रांगडा. पुणेरीही यातून सुटलेली नाही, ती तिरकस. कोल्हापूर-सांगलीकडच्या अनेक मुली 'मी आलो', 'मी जातो' असं सहज म्हणतात. तिथे ते रोजचं बोलणं. तीच मुलगी पुण्याच्या वसतिगृहात पोहोचली की तिला 'बिनधास्त', 'टॉमबॉय' अशी बिरुदं मिळतात. क्रियापद तिच्या आजीचंही तेच होतं, आणि आजी तर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती.

हे स्वभाव चिकटवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर रंगभूमीने केलं, आणि ते हसत-खेळत केलं. जुन्या नाटकांतली दिवाणखान्याची सजावट आठवावी. सोफ्यावर बसलेले वडील, मुलगी, तिचा डॉक्टर किंवा वकील नवरा, सगळे पुस्तकी मराठीत बोलणार. चहाचा ट्रे घेऊन येणारा रामा गडी मालवणीत. दारावर आलेला हवालदार घाटी. भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडी कुठल्याच तालुक्यात न बोललं जाणारं, 'लई', 'व्हय' आणि 'रं' यांची फोडणी दिलेलं 'ग्रामीण'. प्रेक्षक पहिल्याच शब्दाला हसायला तयार. विनोद वाक्यात असो-नसो, हेलात होताच.

मग १९८० साली 'वस्त्रहरण' आलं. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक सबंध मालवणीत. कोकणातल्या गावातली हौशी मंडळी महाभारत करायला निघतात आणि द्रौपदीपासून दुःशासनापर्यंत सगळ्यांची फजिती होते. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच मंचावर उभा राहिला आणि नोकराची समजली जाणारी भाषा पहिल्यांदा नाटकाची मालकीण झाली. सुरुवातीला नाटक रखडतच होतं. पु. ल. देशपांड्यांनी दिलखुलास दाद दिल्यावर शहरी प्रेक्षक वळला, आणि पुढे प्रयोगांनी पाच हजारांचा आकडा ओलांडला. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न पात्रं उभी केली, मराठवाड्याच्या बोलीत. सभागृहं भरली, परदेशांत प्रयोग झाले. पुढच्या पिढीत मकरंद अनासपुरे मराठवाड्याचा हेल घेऊन सिनेमाचा नायक झाले, आणि भारत गणेशपुऱ्यांनी 'चला हवा येऊ द्या'मधून वऱ्हाडी घरोघर पोहोचवली.

हे सगळं आनंदाचंच आहे. पण ही नावं ओळीने वाचली की एक गोष्ट खटकते. सगळीकडे हशा आहे. बोलीला मानाने आत घेतलं, पण दिवाणखान्यात तिच्यासाठी राखून ठेवलेली खुर्ची एकच: हसवणाऱ्याची. दुसरी असलीच तर ती रडवणाऱ्याची. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) वऱ्हाडी, किंवा बहिणाबाई चौधरींची गाणी. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या आणि मराठी वाचकाचे डोळे ओलावले. त्यांची बोली जळगावकडची लेवा गणबोली. शहरी वाचक मात्र ती सर्रास 'अहिराणी' म्हणून सांगतो. गावाकडचं सगळं एकच, असा हा कान. हसू आणि अश्रू यांच्या मधला जो मोठा पट्टा आहे, म्हणजे बातम्या वाचणं, विज्ञान समजावणं, न्यायालयात युक्तिवाद करणं, विमा विकणं, तिथे बोलीला अजून दाराशीच थांबवलं जातं. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं'मध्ये गावाकडचं बोलणं चालायचं, कारण विषय शेतीचा. बातम्या सुरू झाल्या की स्वर बदललाच.

याला एक सणसणीत अपवाद होऊन गेला, आणि तो अंगावर चिंध्या पांघरून. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कीर्तन वऱ्हाडीत, प्रश्नोत्तरांचं. समोर मुंबईचा गिरणी कामगार असो की मंत्री, बाबा स्वतःची भाषा बदलत नसत. कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, देव देवळात नाही, हे सगळं त्याच हेलात. अखेरच्या दिवसांतलं त्यांचं वांद्र्याचं कीर्तन ध्वनिमुद्रित होऊन राहिलंय; ते ऐकताना श्रोते हसतात खरे, पण हसता हसता स्वतःलाच पकडले जातात. तिथे बोली कुणाला रिझवत नाही, ती जाब विचारते. एवढा अधिकार त्या बोलीला मिळाला तो त्या माणसामुळे, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच: साध्या माणसाला तो का मिळू नये? संत झाल्याशिवाय वऱ्हाडीत गंभीर बोलायचंच नाही की काय?

उच्चार आणि समाज यांचं नातं शास्त्रशुद्ध तपासणारं एक काम फलटणसारख्या तालुक्याच्या गावी झालं, तेही अमेरिकेतून आलेल्या बाईंकडून. मॅक्सीन बर्नसन १९६०च्या दशकात फलटणला आल्या. तिथल्या बोलण्यात माणसागणिक, समाजागणिक काय बदलतं, यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला प्रबंध सादर केला. त्या परत जातील म्हणून लोक वाट पाहत राहिले. बाई राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि 'मॅक्सीनमावशी' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पुढे त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली आणि लहान मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याच्या पद्धतीवर आयुष्य खर्च केलं. बोलीचा अभ्यास करणारी बाई शेवटी पहिलीच्या वर्गात जाऊन बसली, यात तर्क आहे. कारण न्यूनगंड कुठे पेरला जातो, हे तिथेच दिसतं. मूल उत्साहाने काही सांगायला उभं राहतं, 'बाई, माह्या घरी...' अशी सुरुवात करतं, आणि बाई गोष्ट ऐकण्याआधी 'माझ्या' म्हण, असं सांगतात. मूल 'माझ्या' म्हणतं. गोष्ट मात्र राहून जाते.

शिक्षिकेची बाजूही ऐकायला हवी. तिला माहीत असतं, की या मुलाला उद्या परीक्षा द्यायची आहे, मुलाखतीला जायचं आहे, आणि तिथे बसलेली माणसं ण मोजणार आहेत. प्रमाणभाषा सर्वांना यायलाच हवी. जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या माणसांना एकमेकांशी लिहिता-बोलता येण्यासाठी ती लागतेच. तक्रार तिच्या असण्याबद्दल नाही. ती शिकवताना घरची भाषा पुसून टाकावी लागते, या समजुतीबद्दल आहे. लातूर-नांदेडकडची मुलं पुण्यात शिकायला येऊन सहा-आठ महिने झाले की त्यांच्या तोंडी दोन भाषा सराईतपणे नांदू लागतात. वर्गात 'काय करतोयस', आणि घरचा फोन आला की जिन्यात जाऊन 'काय करायलास'. जिभेला दोन्ही जमतं, कसलीही अडचण नसते. अडचण असते ती फोन घेऊन जिन्यात जावं लागतं, त्यात.

आणि ज्या पुणेकराला आपला कान सर्वांत वरचा वाटतो, त्याने हिंदी मुलखात चार दिवस काढावेत. हिंदी सिनेमातली मोलकरीण आणि हवालदार कोणत्या हेलात बोलतात, ते पाहावं. लता मंगेशकरांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आठवण आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस संगीतकार अनिल विश्वास यांनी लोकलच्या प्रवासात त्यांची दिलीपकुमारांशी ओळख करून दिली. ही मुलगी मराठी आहे हे कळल्यावर दिलीपकुमारांनी शेरा मारला, की मराठी लोकांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं. त्यांनी उर्दूची शिकवणी लावली आणि पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. ती आहेच. पण त्या डब्यात, त्या क्षणी, मराठीतला सगळ्यात निर्दोष गळा 'गावाकडचा' ठरला होता, हेही त्याच गोष्टीत आहे. मुंबईच्या इंग्रजी कॉलेजांतून मराठी माध्यमाच्या मुलांना 'व्हर्नी' म्हणतात. त्यात दादरचा आणि परभणीचा असा भेद कुणी करत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र वारं थोडं फिरलंय. नागराज मंजुळ्यांच्या 'फँड्री'त (२०१३) आणि 'सैराट'मध्ये (२०१६) करमाळ्याकडची बोली आली ती कुणाला हसवायला आली नव्हती. सैराटमधली आर्ची त्या बोलीत प्रेम करते, दम देते, बुलेट चालवते. बोली विनोदाचं निमित्त नाही आणि करुणेचंही नाही, ती फक्त तिची भाषा आहे. सिनेमाने मराठीतले तोवरचे कमाईचे विक्रम मोडले, आणि मग वाहिन्यांना प्रत्येक जिल्हा हवासा वाटू लागला. कोल्हापूर, सातारा, मालवण अशी एकेक मालिका आली. त्यात खरं किती आणि फोडणी किती, हे त्या-त्या गावचा प्रेक्षक पहिल्या भागातच ओळखतो. मुंबईच्या नटाने शब्दाशब्दाला 'की' लावलं म्हणून कोल्हापुरी होत नाही. तिथला माणूस वाक्य कुठे तोडतो आणि कुठे चढवतो, ते कानात बसावं लागतं.

यापेक्षा मोठा बदल मोबाइलच्या पडद्यावर, कुणाची परवानगी न घेता झालाय. नगर जिल्ह्यातल्या एका आजींनी 'आपली आजी' या नावाने स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली, आणि त्यांचा हेल हाच लोकांना त्यांच्या मसाल्याचा भरवसा वाटला. साताऱ्याकडच्या पोरांनी 'गावाकडच्या गोष्टी' ही मालिका गावातच केली. अहिराणी गाण्यांवर खानदेशाबाहेरची लग्नंही नाचतात. कोळीगीतांवर तर केव्हाचीच नाचत होती, 'ळ'चा 'ल' कुणाला न टोचता. आणि शेतकरी स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोंडअळी कशी ओळखायची, फवारणी कधी करायची, ठिबकची नळी कशी धुवायची, हे वऱ्हाडीत, मराठवाडीत सांगतोय. ऐकणारा वही घेऊन बसतो. स्पर्धा परीक्षांचे शिक्षक राज्यघटना शिकवताना बिनदिक्कत 'आनि' म्हणतात आणि पोरं मूलभूत हक्क पाठ करतात.

पुण्यात डेक्कन कॉलेजात राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण झालं आहे. संशोधक गावोगाव हिंडले, वेगवेगळ्या वयाच्या आणि समाजांच्या लोकांना बोलतं केलं आणि ते ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर ठेवलं. नात्यांना काय म्हणता, ही वस्तू तुमच्याकडे कोणत्या नावाने ओळखतात, असे साधे प्रश्न. ज्या शहराने कधीकाळी बाकीच्यांच्या उच्चारांना लाल शाई लावली, त्याच शहरातल्या भाषाशास्त्राच्या विभागात आता कुणी 'पानी' म्हटलं तर 'पानी' असंच लिहून घेतात, शेजारी गावाचं आणि तालुक्याचं नाव टाकतात, आणि पुढच्या माणसाकडे वळतात.